गोळीच्या पुढची हवा

क्षेपणास्त्राच्या चाचणीची बातमी आली, की तिच्यात ‘मॅक’ हा शब्द हमखास असतो. ब्राह्मोसचा वेग मॅक २.८, असं आपण वाचतो. म्हणजे आवाजाच्या वेगाच्या तितके पट, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण हा मॅक एक माणूस होता आणि त्याच्या जर्मन नावाचा उच्चार माख असा आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. एर्न्स्ट माख यांनी आयुष्यात क्षेपणास्त्र पाहिलं नाही. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. तरुणपणी वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना शिकवून पोट भरलं, नंतर डोळा, कान आणि शरीराचा तोल यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. बंदुकीच्या गोळीकडे ते वळले, ते जखमांवरून पेटलेल्या एका वादामुळे. आरोग्याच्या सदरात त्यांना आणायचं कारण तेच.

माख यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३८चा, मोरावियातल्या ब्रनो शहराजवळचा. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील शिकवण्या करायचे आणि पुढे व्हिएन्नाजवळ शेती घेऊन राहिले. एर्न्स्ट लहानपणी हडकुळा, हळू शिकणारा. नवव्या वर्षी त्याला पाद्र्यांच्या शाळेत घातलं, तर त्यांनी हा मुलगा शिकण्यासारखा नाही असा निर्वाळा दिला. वडिलांनी त्याला घरी आणलं आणि स्वतः शिकवायला घेतलं. सकाळी पुस्तकं, दुपारी शेतातली कामं. मुलाला व्याकरणापेक्षा वस्तू कशी चालते यात रस होता. पाचेक वर्षांचा असताना त्याने पवनचक्कीच्या पोटातली दातेरी चाकं पाहिली होती आणि ती त्याच्या डोक्यातून कधी गेली नाहीत. पुढे त्याने एका सुताराकडे उमेदवारीही केली. पंधराव्या वर्षी तो पुन्हा शाळेत गेला आणि तिथून व्हिएन्ना विद्यापीठात. १८६० साली त्याला डॉक्टरेट मिळाली. सुतारकाम वाया गेलं नाही. पुढच्या आयुष्यात माख यांची बरीचशी उपकरणं अशी असत, की ती एखाद्या हुशार सुताराने लाकूड, काच आणि तार यांतून उभी केली आहेत असं वाटावं.

त्यातलं पहिलं उपकरण आम्हा डॉक्टरांच्या जवळचं आहे. आवाज करणारी वस्तू जवळ येत असेल तर तिचा सूर चढा आणि दूर जात असेल तर उतरता ऐकू येतो, हे डॉपलर यांचं म्हणणं व्हिएन्नातल्या एका मोठ्या गणितज्ञाला मान्य नव्हतं. तरुण माख यांनी गोल फिरणाऱ्या नळीच्या टोकाला शिट्टी बसवली. फिरण्याच्या आसाच्या रेषेत उभं राहिलं तर सूर स्थिर, बाजूला उभं राहिलं तर तो वरखाली. वाद तिथेच मिटायला हवा होता. आज गर्भातल्या बाळाच्या नाळेतला किंवा हृदयाच्या झडपेतला रक्तप्रवाह आम्ही ‘डॉपलर’ करून पाहतो, तेव्हा हेच तत्त्व कामाला येतं.

पैसा मात्र नव्हता. पुढच्या शिक्षणासाठी परगावी जायचं राहून गेलं. शिकवण्या, जाहीर व्याख्यानं आणि वैद्यकीयच्या मुलांचे वर्ग यांवर दिवस काढावे लागले. त्या वर्गांसाठी त्यांनी १८६३ साली भौतिकशास्त्राचं एक पाठ्यपुस्तकही लिहिलं. पुढच्या वर्षी ग्राझला प्राध्यापकी मिळाली, पण तिथे नाव घेण्यासारखी प्रयोगशाळा नव्हती. मग ज्याला उपकरणं कमी लागतात असा विषय त्यांनी धरला: माणसाची संवेदना. स्वतःचा डोळा फुकट उपलब्ध होता.

त्यातून १८६५ साली जे सापडलं, त्याला आज माख पट्टे म्हणतात. फिकट आणि गडद भाग एकमेकांना जिथे भिडतात, तिथे प्रत्यक्षात नसलेली एक उजळ आणि एक काळी रेघ आपल्याला दिसते. ती कागदावर नसते, डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी एकमेकींना दाबतात त्यातून तयार होते. एक्स-रे वाचायला शिकणाऱ्या आमच्या निवासी डॉक्टरांना हे सांगावं लागतं. मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या भागावर अशी काळी रेघ दिसते आणि नसलेलं फ्रॅक्चर ‘सापडतं’. उपाय सोपा आहे. उजळ बाजू कागदाने झाका. रेघ गेली तर ती तुमच्या डोळ्यातली होती.

१८६७ साली माख प्राग विद्यापीठात गेले आणि तिथे २८ वर्षं राहिले. एकदा आगगाडी वळण घेत असताना बाहेरची घरं आणि झाडं त्यांना तिरकी झालेली दिसली. असं का, म्हणून त्यांनी फिरती खुर्ची बनवली, तिच्यात स्वतः बसले आणि तोलाची जाणीव कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतून येते या निष्कर्षापर्यंत पोहोचले. व्हिएन्नात डॉक्टर ब्रॉयर आणि एडिंबरात क्रम ब्राऊन हेही त्याच सुमारास तिथेच आले होते. आज चक्कर येते म्हणून आलेल्या रुग्णाला पलंगावर झटकन आडवं करून, मान वळवून आम्ही त्याचे डोळे पाहतो. त्या तपासणीच्या मुळाशी याच तिघांचं काम आहे.

आता त्या जखमा. १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रेंचांकडे शास्पो नावाची नवी, वेगवान बंदूक होती. तिच्या जखमा लष्करी शल्यवैद्यांनी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. आत शिरताना छोटंसं भोक आणि आतला भाग मात्र खड्डा पडल्यासारखा फाटलेला. १८६८ सालच्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने बंदुकीतून स्फोटक गोळ्या झाडायला बंदी घातली होती. तेव्हा शत्रूने ती बंदी मोडली, असा आरोप सुरू झाला. हा नुसता शास्त्राचा वाद नव्हता. जखम पाहून समोरच्या सैन्याला खुनी ठरवायचं की नाही, असा प्रश्न होता.

मेल्सेन्स नावाच्या बेल्जियन शास्त्रज्ञाने वेगळं उत्तर दिलं. गोळीत स्फोटक नसतं. वेगाने जाणारी गोळी आपल्यापुढे दाबलेल्या हवेचा गोळा ढकलत नेते, तो तिच्याबरोबर शरीरात घुसतो आणि तिथे फुटतो. १८८१ साली पॅरिसला माख यांनी हे व्याख्यान ऐकलं. त्यांचा स्वभाव असा, की जे इंद्रियांना जाणवत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही. हवेचा गोळा असेल तर तो दिसला पाहिजे. दिसत नसेल तर दिसेल अशी सोय केली पाहिजे.

तशी सोय अर्धी तयार होती. टोप्लर यांनी १८६०च्या दशकात एक पद्धत काढली होती. हवा दाट झाली की तिच्यातून जाणारा प्रकाश किंचित वाकतो. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते, ती यामुळेच. भिंग आणि धारदार पट्टी अशी मांडायची, की वाकलेला प्रकाश तेवढा अडवला जावा किंवा तेवढाच पुढे जावा. मग हवेतली दाटी सावलीसारखी उमटते. माख यांनी याआधी काजळी लावलेल्या काचेवर विजेच्या ठिणग्यांच्या आघातलहरी उमटवल्या होत्या. आघातलहर म्हणजे शॉक वेव्ह. दोन लहरी भिडतात तिथे त्यांना एक तिसरी, अधिक ताकदीची लहर आढळली. तिला पुढे त्यांचंच नाव मिळालं. हिरोशिमावर बॉम्ब किती उंचीवर फोडायचा हे १९४५ साली ठरवताना जमिनीवर हीच लहर जास्तीत जास्त पसरावी असा हिशेब केला गेला. तेव्हा माख यांना जाऊन २९ वर्षं झाली होती. काजळीवरच्या रेघांचा उपयोग पुढे कोण कशासाठी करील, हे रेघा काढणाऱ्याच्या हातात राहत नाही, पण डॉक्टर म्हणून मला हे वाक्य लिहितानाही अवघड होतं.

गोळीचा फोटो काढायला मुख्य अडचण वेळेची होती. माख यांनी गोळीलाच फोटो काढायला लावलं. तिच्या वाटेत तारा ठेवल्या. गोळीने त्या जोडल्या, की विजेचा साठा ठिणगीच्या रूपात मोकळा होई, आणि त्या ठिणगीच्या क्षणभराच्या उजेडात काचेवर चित्र उमटे. चित्र जेमतेम काही मिलीमीटरचं, ते भिंगाखाली पाहायचं. पहिल्यांदा प्रागमध्ये पिस्तुलाच्या गोळीवर प्रयोग झाला. गोळी स्वच्छ दिसली, पुढे काहीही नाही. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २४० मीटर होता आणि हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. माख यांच्या लक्षात आलं, की आवाजाच्या पुढे धावणारी गोळी हवी.

प्रागला तशी बंदूक आणि जागा नव्हती. एड्रियाटिक किनाऱ्यावर फ्यूमे, म्हणजे आजचं रिएका, इथे ऑस्ट्रियाची नौदल प्रबोधिनी होती. तिथले प्राध्यापक पीटर साल्शर यांना माख यांनी प्रयोग कसा मांडायचा ते पत्राने कळवलं. १८८६ साली साल्शर आणि त्यांच्या सहकाऱ्याने तो करून दाखवला. सेकंदाला ५०० मीटरहून जास्त वेगाच्या रायफलच्या गोळीपुढे काचेवर एक वक्र रेघ उमटली, शेपटाकडून दुसरी निघाली, आणि मागे हवेच्या भोवऱ्यांची माळ. पुढच्या वर्षी दोघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला. आज जगभर नाव माख यांचंच राहिलं आहे. बारूद, तारा आणि ओल्या काचा सांभाळत उन्हाळाभर खपलेल्या साल्शर यांच्यावर हा अन्यायच म्हणायचा.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच निघते तेव्हा तिच्या नाकापासून दोन्ही बाजूंना पाण्याची घडी उघडत जाते. लाँच पाण्याच्या लाटेपेक्षा जलद जाते, म्हणून लाटांना पुढे पळता येत नाही. त्या एकावर एक साचून तिरकी रेघ होते. गोळीचं तेच. आवाजाच्या दुप्पट वेग असेल तर ही रेघ गतीच्या दिशेशी ३० अंशांचा कोन करते, वेग वाढेल तसा कोन निमुळता होत जातो. म्हणजे फोटोतला कोन मोजून वेग सांगता येतो. रणांगणावर एकाच गोळीचे दोन बार का ऐकू येतात, तेही सुटलं. एक बार बंदुकीच्या तोंडाचा आणि दुसरा गोळीने ओढत आणलेल्या या लहरीचा.

जखमांचं काय? फोटोंनी मेल्सेन्स यांना अर्धं खरं ठरवलं आणि अर्धं खोटं. गोळीपुढे दाबलेली हवा असते, पण ती शरीरात कोंबली जाईल असा गोळा नसतो. ती एक पातळ लहर असते आणि तिच्यात सतत नवी हवा येत-जात असते. जखमेचं कारण ती नाही. ते कारण स्विस शल्यवैद्य थिओडोर कोखर यांनी निराळ्या वाटेने दाखवलं होतं. वेगवान गोळी ओलसर पेशींना बाजूला फेकते, आणि पाण्याने भरलेल्या भांड्यात व्हावं तसा दाब सगळीकडे पसरतो. आजच्या भाषेत, क्षणभर एक मोठी पोकळी उघडते आणि मिटते. फुप्फुस स्पंजासारखं असल्याने बरंच सहन करतं. यकृत फुटतं, मेंदू तर वाचतच नाही. सरकारी रुग्णालयात गावठी कट्ट्याची जखम आणि रायफलची जखम शेजारीशेजारी पाहिलेल्या कुणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्या भोकावरून आतलं नुकसान ठरवू नका, हे आम्ही अजूनही शिकवतो. आणि फ्रेंच सैनिकाने स्फोटक गोळी वापरली असं त्या जखमेवरून म्हणता येत नव्हतं, हा निकाल त्यातून आपोआप निघाला.

साल्शर थांबले नाहीत. फ्यूमेला व्हाइटहेड यांचा टॉर्पेडोचा कारखाना होता आणि टॉर्पेडो त्या काळी दाबलेल्या हवेवर चालत. साल्शर यांनी जॉन व्हाइटहेड यांच्याबरोबर १८८९ साली ती हवा बारीक तोंडातून सोडून झोताचे फोटो घेतले. झोत सरळ काठीसारखा असेल असं वाटावं, पण त्याच्या पोटात एकामागून एक नक्षी दिसली. हवा बाहेर पडताच फुगते, गरजेपेक्षा जास्त फुगते, मग भोवतालची हवा तिला दाबते, की पुन्हा आकुंचन. माख यांनीही साल्शर यांच्यासह या झोतांचा अभ्यास केला. जोरदार झोतात आडवी, थाळीसारखी एक आघातलहर उभी राहते. तिला आज माख डिस्क म्हणतात.

ही थाळी आता एका अशा ठिकाणी लागते जिथे गोळी आणि झोत, दोन्ही एकत्र येतात. शत्रूचं क्षेपणास्त्र पाडायला सोडलेल्या काही क्षेपणास्त्रांच्या अंगावर आडव्या तोंडाचे छोटे रॉकेट असतात. अमेरिकेच्या पेट्रियट पीएसी-३च्या नाकाजवळ असे १८० बसवलेले आहेत. शेपटाचे पंख वळवून दिशा बदलायला वेळ लागतो, आणि फार उंचावर हवा इतकी विरळ, की पंखांना पकडच मिळत नाही. अशा वेळी बाजूचा एक रॉकेट पेटवायचा. वायू एका बाजूला, नाक दुसऱ्या बाजूला. हिशेब सोपा वाटतो.

तो तसा नसतो. आवाजाच्या तिप्पट वेगाने येणाऱ्या हवेच्या वाटेत हा आडवा झोत खांबासारखा उभा राहतो. त्याच्यापुढे माख यांच्या फोटोतल्यासारखी वक्र आघातलहर तयार होते. तिच्या दाबाने क्षेपणास्त्राच्या कातडीला चिकटून वाहणारा हवेचा मंद थर उखडतो, तिथून आणखी एक तिरकी लहर निघते, आणि झोताच्या पायाशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा गुंडाळला जातो. झोताच्या स्वतःच्या पोटात पिंपासारखी लहर आणि तिच्या टोकाला माख डिस्क. झोताच्या पुढे दाब वाढतो आणि तो रॉकेटला मदत करतो. झोताच्या मागे दाब घटतो आणि तो क्षेपणास्त्राला झोताच्याच बाजूला ओढतो, म्हणजे काम बिघडवतो. शिवाय वाढलेला दाब गोल अंगावरून वळसा घालून पलीकडच्या बाजूलाही पोहोचतो. एकूण ढकल रॉकेटच्या जोरापेक्षा जास्त भरेल की कमी, हे वेग, उंची आणि क्षेपणास्त्र किती तिरकं उडतंय यांवर ठरतं. पुढे दाब आणि मागे ओढ यांमुळे ते नुसतं सरकायच्या ऐवजी वळूही शकतं. औषधाचा डोस एक आणि शरीरावरचा परिणाम भलताच, असं आम्ही रोज पाहतो, म्हणून मला हा भाग परका वाटला नाही.

वायुबोगद्यात हे तपासता येतं, पण मॉडेल लहान, वेळ थोडा आणि खर्च मोठा. शिवाय तिथे जळत्या वायूच्या जागी बहुधा थंड हवाच सोडावी लागते, आणि गरम वायू तसा वागत नाही. म्हणून संगणकावर सिम्युलेशन करतात. क्षेपणास्त्राभोवतीची जागा लाखो बारीक घरांत वाटायची. प्रत्येक घरात हवा किती आली, किती गेली, तिचा जोर आणि ऊर्जा किती, याचा ताळेबंद मांडायचा, आणि शेजारच्या घरांशी जुळवत क्षणाक्षणाने पुढे जायचं. समीकरणं नाविए आणि स्टोक्स यांची, एकोणिसाव्या शतकातलीच. आघातलहर कागदाहूनही पातळ असते, म्हणून तिथे घरं फार बारीक करावी लागतात. खरी पंचाईत उखडलेल्या थरात आणि भोवऱ्यात. तिथली खळबळ जशीच्या तशी मोजणं संगणकालाही झेपत नाही. सरासरीची सूत्रं वापरावी लागतात आणि निरनिराळी सूत्रं थर निरनिराळ्या जागी उखडलेला दाखवतात. जागा थोडी सरकली, की दाब बदलला, आणि दाब बदलला, की क्षेपणास्त्राचं वळणं बदललं.

मग यातलं खरं कोणतं हे ठरवायला काय करतात? संगणकाने काढलेल्या घनतेच्या आकड्यांतून टोप्लर-माख पद्धतीच्या फोटोसारखं चित्र बनवतात आणि ते बोगद्यात काढलेल्या खऱ्या फोटोशेजारी ठेवतात. रेघा जुळल्या का, थाळी त्याच उंचीवर आली का, ते पाहतात. त्याबरोबर अंगावरच्या दाबाची मोजमापंही जुळवतात, कारण चित्र जुळूनही आकडे चुकू शकतात. हृदयाच्या धमन्यांचं सीटी स्कॅन घेऊन संगणकावर रक्तप्रवाहाचा हिशेब करण्याचं तंत्र आता आमच्याकडेही आलं आहे. समीकरणं तीच. त्याच्या अहवालाला प्रत्यक्ष धमनीत तार घालून मोजलेल्या दाबाशी आधी ताडून पाहावं लागलं, आणि हा हट्ट धरणारे डॉक्टर मला तरी बरोबर वाटतात.

माख यांच्या घरावर मात्र १८९४ साली आघात झाला. त्यांचा मुलगा हाइनरिख, वय जेमतेम वीस, गटिंगेनला डॉक्टरेट मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांत आत्महत्या करून गेला. पुढच्याच वर्षी माख यांनी प्राग सोडलं आणि व्हिएन्नाला विज्ञानाचा इतिहास व तत्त्वज्ञान शिकवायला गेले. थोरला मुलगा लुडविग वैद्यकाचं शिक्षण घेतलेला. त्याने वडिलांचे गोळ्यांचे फोटो आणखी सुधारले, आणि प्रकाशकिरण दुभंगून पुन्हा जुळवणाऱ्या एका प्रसिद्ध उपकरणाला त्याचं नाव आहे.

१८९८च्या उन्हाळ्यात माख आगगाडीतून जात होते. शुद्ध पूर्ण, वेदना नाही, आणि अचानक लक्षात आलं, की उजवा हात आणि पाय हलत नाहीत. थोड्या वेळाने हालचाल परत आली, पुन्हा गेली, असं काही तास चाललं. मग ती कायमची गेली, चेहऱ्याचा उजवा भागही ओढला गेला, आवाज क्षीण आणि जड झाला. असं येतं-जातं तेव्हाच रुग्णालय गाठा, हे आज आम्ही पक्षाघाताबद्दल घसा फोडून सांगतो. त्या काळी गाठून उपयोग नव्हता. माख साठ वर्षांचे होते. त्यांनी जे केलं ते फार थोडे रुग्ण करतात: स्वतःचा पक्षाघात निरखला. हात हलवायचं मनात आणलं, तर जोर लावल्याची जाणीव होत नाही, हे त्यांनी टिपलं. श्रमाची जाणीव मेंदूच्या आज्ञेतून येते की स्नायूंकडून परत येते, हा तेव्हा मोठा वाद होता. आपल्या निर्जीव हातावरून त्यांनी त्यात पुरावा दिला आणि तो पुस्तकात घातला.

पुढची अठरा वर्षं त्यांनी डाव्या हाताने टंकयंत्र चालवत लिहिलं. १९०१ साली निवृत्ती. सरकारने सरदारकी देऊ केली, ती नाकारली. वरिष्ठ सभागृहातली जागा घेतली. खाणकामगारांचे कामाचे तास कमी करण्याच्या बाजूने मत द्यायला तशा अवस्थेत त्यांनी स्वतःला गाडीतून नेववलं.

एका गोष्टीत ते हटले नाहीत. अणू कुणी पाहिला नाही, तेव्हा तो हिशेबाची सोय म्हणून चालेल, पण तो आहे असं म्हणू नका. गोळीपुढची अदृश्य लहर काचेवर आणणाऱ्या माणसाचा हा हट्ट समजण्यासारखा आहे. तरी तो चुकीचा होता. व्हिएन्नातच बोल्ट्झमन अणूंच्या बाजूने झगडत होते. १९०६ साली त्यांनी आत्महत्या केली आणि त्याचा दोष अनेकदा माख यांच्या माथी मारला जातो. बोल्ट्झमन यांना अनेक वर्षं नैराश्याचे झटके येत असत. आत्महत्येचं एकच कारण शोधणाऱ्यांनी एकदा मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात बसावं. १९०८च्या सुमाराला पेराँ यांच्या प्रयोगांनी बहुतेक विरोधक अणूंच्या बाजूला आले. तिकडे तरुण आइनस्टाइन, ज्यांनी माख यांचं यंत्रशास्त्रावरचं १८८३चं पुस्तक वाचून न्यूटनच्या अवकाशावर शंका घ्यायला सुरुवात केली होती, त्यांनीही अणूंच्या बाबतीत माख यांचं ऐकलं नाही.

गंमत अशी, की क्षेपणास्त्राचा आडवा झोत फार उंचावर, जवळजवळ निर्वात जागी सुटतो, तेव्हा घरांचा ताळेबंद चालत नाही. हवा सलग राहत नाही, रेणू एकमेकांना क्वचित भेटतात. तिथे १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅमी बर्ड यांनी काढलेली रीत वापरतात. अगणित रेणूंच्या वतीने लाखो नमुन्याचे कण संगणकात सोडायचे, त्यांना आपटू द्यायचं, आणि दाब मोजायचा. बोल्ट्झमन यांचंच गणित. त्यातून जे चित्र तयार होतं त्यातही आघातलहर दिसते. मात्र ती आता पातळ रेघ नसते, विस्कटून जाडसर झालेली असते.

१९१३ साली माख म्युनिकजवळच्या फाटरश्टेटन या गावी लुडविगकडे राहायला गेले आणि ७८वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १९ फेब्रुवारी १९१६ला वारले. याच म्युनिकमध्ये १९८० साली मूतखडा असलेल्या माणसावर पहिल्यांदा शस्त्र न लावता आघातलहरींनी उपचार झाला. ते यंत्र डॉर्निए या विमान कंपनीचं. आवाजाहून जलद विमानांवर पावसाचे थेंब आपटून खड्डे का पडतात, या अभ्यासातून तिथल्या मंडळींना ते सुचलं होतं. आमच्याकडे लिथोट्रिप्सीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या रुग्णांना आतून येणारा टक-टक आवाज ऐकू येतो, तो याच लहरीचा.

माख गेले तेव्हा महायुद्धातली विमानं आवाजाच्या वेगापेक्षा फारच हळू उडत होती. वेगाच्या या मोजमापाला त्यांचं नाव द्यावं हे १९२९ साली झुरिचच्या याकोब आकेरेट यांनी सुचवलं.